हेल्वेबाईची जामीनकी

माझी नात मानमान जन्मली ते साल २०१७, जूनची नऊ तारीख. त्याच साली ऑगस्ट संपता संपता माझ्या जावयाची शिडी पडली.

ही शिडी लाकडाची नव्हे. आमच्याकडचं इंटरनेट भिंतीच्या आत चालतं. बाहेरचं काही बघायचं तर कॉम्प्युटरवर एक आडवाट बसवावी लागते, आणि भिंत ओलांडायची म्हणून तिला लहानथोर सगळे शिडीच म्हणतात. जावयाकडे अशा चार शिड्या होत्या. एक पडली की तो दुसरी लावायचा. त्या आठवड्यात चारही पडल्या.

जावयाचं नाव तार्मो लेपिक, देश एस्टोनिया. आमच्या झिगोंग शहरात पूर्वी मिठाच्या विहिरी होत्या, मीही तिथेच कामाला होते. आता इथे जत्रेतले कंदील आणि हलणारे डायनासोर बनतात आणि पेट्यांत भरून जगभर जातात. डायनासोरने मान कधी वळवायची, डोळा कधी मिटायचा, हे कॉम्प्युटरला शिकवणं हे तार्मोचं काम. त्यासाठी तो आला आणि माझ्या वेइरोंगशी लग्न करून राहिला. उंच इतका, की माझ्या स्वयंपाकघराच्या चौकटीला त्याच्या कपाळाचा डाग पडलाय.

ज्याच्या बोटावर तीस फुटी डायनासोर नाचतो, त्याला बँकेचा फॉर्म मात्र भरता येत नसे. नावाच्या रकान्यात चारच अक्षरं मावत. ओळखपत्राच्या रकान्याला अठरा आकडे हवेत, त्याच्या पासपोर्टावर अक्षरं-आकडे मिळून नऊच. रेल्वेच्या तिकिटाचं यंत्र त्याचा पासपोर्ट वाचत नसे, म्हणून माझ्यासारख्या म्हाताऱ्यांच्या रांगेत तो उभा राही. कामाचा एखादा तुकडा बाहेरून उतरवून घ्यायला लागला की पडद्यावर गोल चक्र फिरू लागे. मी तांदूळ धुऊन भात लावायची, भाजी परतायची, ताटं मांडायची, तरी चक्र फिरतच.

"आमच्याकडे," तो म्हणायचा, "माणूस अंथरुणात पडल्या पडल्या सरकारची सगळी कामं तीन मिनिटांत उरकतो."

"मग अंथरुणातून उठता कशाला?" मी विचारायची.

घरातली इंटरनेटची लाइन माझ्या नावावर होती आणि त्याच्या बँकेला दिलेला फोनही माझाच, कारण ते नाव रकान्यात मावत होतं. त्यामुळे त्याने काहीही करायला घेतलं की त्याचा सहा आकड्यांचा कोड माझ्या फोनवर येई. आणि मी दुपारी कुठे? खाली अंगणात, माजाँगच्या सोंगट्या मांडलेल्या टेबलावर. मग चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून हाक यायची.

"आई! सहा आकडे!"

"थांब रे, माझी खेळी आहे."

"एका मिनिटात बाद होतात, आई!"

मी चष्मा शोधेपर्यंत गोऊताई माझा फोन ओढून घ्यायची आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असे आकडे ओरडायची. "सात! दोन! दोन! शून्य! चार! एक! लिहिलंस का रे, डायनासोरवाल्या? शियोंगताई, उद्या तुझ्या जावयाचं खातं आम्ही चौघीच चालवू बघ."

हसण्यावारी न्यावं असं सगळंच नव्हतं. दवाखान्याने मानमानच्या जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव दोन शब्द जोडून लिहिलं. पासपोर्टावर ते तोडून होतं. त्यामुळे कॉम्प्युटरच्या मते ती दोन वेगळी माणसं झाली, म्हणजे माझ्या नातीला दोन बाप. जोवर त्यातला एक कमी होत नाही, तोवर तिला प्रवासाचे कागद नाहीत. तार्मोने सात वेळा अर्ज केला. खिडकीमागची मुलगी मोठी गोड बोलायची. "मला दिसतंय हो की तुम्ही एकच आहात. पण सिस्टिमला दिसत नाही."

आणि तिकडे त्याची आई, हेल्वे, एका बेटावर खाटेला खिळलेली. वय चौऱ्याऐंशी. फुप्फुसात पाणी भरत होतं. डॉक्टरांनी तार्मोच्या बहिणीला, मायाला, सांगून ठेवलं होतं की वसंत बघेलसं वाटत नाही. बाळ तिच्याकडे जाऊ शकत नव्हतं, ती बाळाकडे येऊ शकत नव्हती. फोटो जात होते तार्मोच्या डायनासोर-कारखान्याच्या मेलमधून, पण फोटोतलं मूल आजीकडे बघून हसत नाही.

सप्टेंबरच्या सोळा तारखेला मानमानचा शंभरावा दिवस. आमच्याकडे शंभराव्या दिवशी बाळाच्या ओठांना पहिला मासा, पहिलं मटण लावतात, आणि ते लावायचं वडिलांकडच्या आजीने. मी आईकडची. माझा तो मान नाही.

"मग तुम्ही लावा ना, आई," तार्मो म्हणाला. "कुणाला कळणार?"

"मला कळेल," मी म्हटलं. "तुझी आई जिवंत आहे. ती जिवंत असताना तिच्या जागी मी बसले, तर मी तिला मारल्यासारखंच आहे. काय वाट्टेल ते कर, पण शनिवारी दुपारी बारा वाजता ती मला या टेबलावर हवी. पडद्यात का होईना."

तो चौदा तारखेपर्यंत शिड्यांशी झुंजला. एक लागायची, आईचं अर्धं कपाळ दिसायचं, आणि पडायची. वेइरोंग म्हणाली, आपलं इथलं बोलण्याचं ॲप भिंतीच्या बाहेरही चालतं, तुझ्या आईचं त्यावर खातं उघडू.

"माझ्या आईशी बोलायला मी कुणाची परवानगी मागणार नाही," तार्मो म्हणाला. कपाळाची शीर टरारली होती.

"नको मागूस. मी मागते. मला सवय आहे," वेइरोंग म्हणाली.

त्या ॲपची रीत अशी: नव्या माणसाला खातं उघडायचं तर जुन्या एकाने जामीन राहावं लागतं. नव्याच्या फोनवर ठिपक्यांचा एक चौकोन उमटतो, तो पाच मिनिटं जगतो. जामीनदाराने तेवढ्यात त्याच्यावर आपला फोन धरायचा आणि कबुली द्यायची. जामीनदाराचं खातं सहा महिने जुनं हवं, आणि महिन्यातून एकालाच जामीन राहता येतं. तार्मोच्या खात्याला जामीन राहायची मुभाच नव्हती, नाव मावत नाही म्हणून. वेइरोंग राहिली. खातं गुरुवारी सकाळी उघडलं आणि एकही बोलणं व्हायच्या आत संध्याकाळी बंद झालं. संशयास्पद हालचाल, असं लिहून आलं.

"चौऱ्याऐंशी वर्षांची बाई खाटेवर पडलीय, तिची कसली हालचाल?" तार्मोने भिंतीवर मूठ आपटली. आमची भिंत, विटांची.

शनिवारी सकाळी मी माशाचा रस्सा चढवला आणि माजाँगवाल्या तिघींना वर बोलावलं. "फोन भरून आणा," म्हटलं. त्या फोनही घेऊन आल्या आणि सशाच्या मसालेदार मटणाचा डबाही. तिकडे माया पहाटे उठून आईच्या उशाशी बसली होती. चौकोन उमटला की ती त्याचा फोटो मेलने पाठवणार. पहिला फोटो यायला सात मिनिटं लागली आणि चौकोन वाटेतच मेला. तार्मोने बहिणीला फोनवर समजावून फोटो बारका, काळा-पांढरा करायला लावला. मग तो दीड मिनिटात येऊ लागला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग दिसला.

लूताईने फोन धरला. उत्तर आलं की तुम्ही या महिन्यात आधीच जामीन राहिला आहात.

"अगं बाई, भाचीसाठी! तिचा फोन नाल्यात पडला होता." लूताई कपाळावर हात मारून बसली.

गोऊताईचं खातं चारच महिन्यांचं निघालं.

"तू तर म्हणायचीस, या अंगणात सगळ्यांच्या आधी मीच घेतलं," लूताईने टोमणा मारला.

"आधीचा पासवर्ड विसरले. आता ते चव्हाट्यावर मांडायलाच हवं का?"

फेंगताई राहिली जामीन, सगळं जमलं, आणि नेमका त्याच वेळी मायाच्या फोनवर यायचा कोड आला नाही. फेंगताईचा महिना फुकट गेला. साडेअकरा वाजले होते. उरले मी.

तार्मोने नवा चौकोन माझ्यासमोर धरला. मी फोन धरला, पडद्यावर मजकूर आला, खाली हिरवं बटण. मी चष्मा नीट केला आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले.

"आई, दाबा."

"वाचतेय."

"आई, काय लिहिलंय ते मी सांगतो. दाबा फक्त!"

"असंच तो कारकूनही म्हणाला होता," मी म्हटलं.

हे तिघींना ठाऊक होतं, तार्मोला नव्हतं. १९९४ साली मिठाच्या कारखान्यात माझ्यापुढे एक कागद आला. मला अक्षर येत नव्हतं. कारकून म्हणाला, पावसाळी कोट मिळणार आहेत, त्याची यादी. मी अंगठा उठवला. तो कागद स्वखुशीने नोकरी सोडल्याचा होता. कोटही मिळाला नाही. त्याच हिवाळ्यात, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी वस्तीतल्या वर्गात पाटीसमोर जाऊन बसले. तेव्हापासून न वाचता मी औषधाची बाटलीसुद्धा उघडलेली नाही.

चौकोन मेला. तार्मो खाली जमिनीवर बसला, गुडघे कानापर्यंत आले. "आई," तो हळू म्हणाला, "तिच्याकडे वेळ नाही हो."

"म्हणून खोटं सांगू? यात लिहिलंय, मी या व्यक्तीला ओळखते, ती खरी आहे, तसं नसल्यास जबाबदारी माझी. मी तुझ्या आईला ओळखत नाही. फोटोत बघितलंय. फोटो तर त्या कारखान्यातल्या डायनासोरचेही असतात."

"आई, हे कुणीच वाचत नाही! जगात कुणी वाचत नाही!" वेइरोंग बाळाला थोपटत म्हणाली.

"मी वाचते. तिला फोन लाव. साधा फोन. मला ओळख करून घ्यायचीय."

साधा फोन जात होता, भिंतीची त्याला हरकत नव्हती. तार्मोने लावला, मोठ्या आवाजावर टाकला. खोकला ऐकू आला, मग एका बाईचा खरखरीत आवाज. मी विचारायचं, तार्मोने तिकडचं इकडे करायचं.

"काय काम केलंत आयुष्यभर?"

"मासे डब्यात भरले. एकोणचाळीस वर्षं. तिने काय भरलं, विचार."

"मीठ, पोत्यात. सव्वीस वर्षं. माझा अंगठा फसवून घेतला म्हणून, नाहीतर आणखी भरलं असतं."

पलीकडे खोकला थांबला. मग काहीतरी लांबलचक आलं आणि तार्मो हसायचं की नाही अशा चेहऱ्याने म्हणाला, "ती म्हणतेय, मीठ तू पाठवलंस आणि मासे मी भरले, तर आपण आधीपासूनच विहिणी आहोत. आणि विचारतेय, तुला जामीन राहायचंय की मला नोकरी द्यायचीय?"

गोऊताई मांडीवर थाप मारून हसली. "ही बाई आपल्या टेबलावर हवी गं!"

"शेवटचं विचारते," मी म्हटलं. "तुमचा मुलगा लहानपणी कशाला घाबरायचा? हे आईशिवाय कुणाला माहीत नसतं."

तार्मोने हे भाषांतर करताना आवाज खाली आणला. पलीकडून एकच शब्द आला, आणि मग खोकला की हसू, ओळखू येईना. तार्मोचे कान लाल झाले.

"काय म्हणाली?"

"बदकं," तो म्हणाला.

"किती वर्षांचा होईपर्यंत?"

"अकरा." लूताई इतकी हसली, की फेंगताईला तिची पाठ चोळावी लागली.

"आता ओळखते," मी म्हटलं. "आण तुझा चौकोन."

मी परत वाचलं, कारण मधल्या वेळात त्यांनी मजकूर बदलला नसेल कशावरून? पण या खेपेला अक्षरं ओळखीची झाली होती. तीन मिनिटांत शेवटच्या ओळीला पोचले आणि हिरवं बटण दाबलं. मायाच्या फोनवर कोड आला. बारा वाजून चार मिनिटांनी माझ्या टेबलावर, रश्श्याच्या वाडग्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये, हेल्वेबाई आली.

लहानखुरी होती. एवढ्या ताडमाड मुलाची आई इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं. नाकात नळी, केस विंचरून चापून बसवलेले. अंगात चांगला निळा स्वेटर. पहाटेच घालून बसली असणार. वेइरोंगने मानमानला समोर धरलं. बाळाने आधी भुवया वर केल्या, मग फोनकडे बघून ते तोंडभर हसलं. हेल्वेबाईने पडद्यावर हात ठेवला, त्यामुळे आम्हाला सगळा तिचा तळवाच दिसू लागला, रेषा नि रेषा.

"तिला सांग," मी तार्मोला म्हटलं, "वेळ नाही. मासा."

मायाने आईच्या हातात काटा दिला, त्यावर त्यांच्याकडचा धुरावलेला माशाचा तुकडा होता. मी जेवायच्या काड्यांत आमच्या रश्श्यातला तुकडा धरला. हेल्वेबाईचा काटा पडद्याकडे जसजसा पुढे येई तसतशी मी काड्या पुढे नेत होते. तिचा हात थरथरत होता, म्हणून मी माझाही थरथरू दिला. तिने काटा टेकवला तेव्हा माझा मासा मानमानच्या खालच्या ओठाला लागला. बाळाने जीभ बाहेर काढली, चाटलं, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा चाटलं. तिकडून ती बाई आपल्या भाषेत काही बोलली. तार्मोला भाषांतर करता आलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

नऊ मिनिटं. मग पडदा काळा. संशयास्पद हालचाल. खातं बंद. हरकत असल्यास अठरा आकडी ओळखपत्र क्रमांकासह अर्ज करावा.

सगळ्यांना वाटलं तार्मो आता फोन फोडणार. पण उठले मी. टेबलावरचं खरकटं बाजूला सारलं, वर्गात वापरायची ती चौकटी-चौकटींची वही काढली आणि लिहायला बसले. ॲपच्या कंपनीला. पत्ता वेइरोंगने शोधला. पत्र माझं, अक्षर माझं.

"तुम्ही मला विचारलंत, ही बाई खरी आहे का. मी चौकशी केली आणि माझ्या नावावर सांगितलं, खरी आहे. नऊ मिनिटांनी तुम्ही तिला खोटी ठरवलंत. म्हणजे खोटी मी. तुम्हाला माझा शब्द नको होता तर मागितलात कशाला? मी सही करण्याआधी वाचते. तुम्हीही हे पत्र संपूर्ण वाचावं. मी तिला पुन्हा जामीन राहणार आहे."

"आई, उत्तर येणार नाही," तार्मो म्हणाला.

"उत्तर मागितलंय कुठे? कळवलंय."

उत्तर आलं नाही. ऑक्टोबरच्या सोळा तारखेला माझा महिना भरला आणि सतराला मी पुन्हा जामीन राहिले. मायाने दुसरा नंबर घेतला होता. ते खातं चार दिवस टिकलं. मग मी दुसरं पत्र लिहिलं. नोव्हेंबरात फेंगताई राहिली, डिसेंबरात लूताई. प्रत्येकीने आधी साध्या फोनवर हेल्वेबाईची स्वतंत्र चौकशी केली. मी केलीय म्हणून सांगितलं, तर लूताई म्हणाली, "जबाबदारी माझी असं लिहिलंय, तुझी नाही." लूताईचं खातं तब्बल अकरा दिवस चाललं. तेवढ्या दिवसांत मानमान पालथी पडली, आणि ते हेल्वेबाईने स्वतः पाहिलं. जानेवारीत तळमजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या येऊन म्हणाल्या, आमचे महिने कोरे पडलेत, आम्हाला का नाही विचारत? त्यांनी जानेवारी आणि फेब्रुवारी घेतला. दर वेळी खातं बंद झालं, दर वेळी मी पत्र टाकलं. पोस्टातला माणूस माझं पाकीट न विचारता रजिस्टर करू लागला.

तार्मोने पाचवी शिडीही बांधली, स्वतः बसून. ती कधी चालायची, कधी नाही. पण आता तो भिंतीवर मूठ आपटत नसे. खिडकीतून विचारायचा, "आई, पुढचा नंबर कुणाचा?" आणि खालून तीन-तीन आवाज यायचे.

मानमानचे कागद तेव्हाही झाले नव्हते. अकरावा अर्ज गेला होता.

मार्चमध्ये पुन्हा माझी पाळी होती. मी सात तारखेला जामीन राहिले. हेल्वेबाईने मानमानला दोनदा पाहिलं, आणि दुसऱ्या वेळी मानमानने टेबलावर हात आपटून तिला काहीतरी सुनावलं. दहा तारखेला खातं बंद झालं. एप्रिल गोऊताईचा होता. तिच्या खात्याला तोवर सहा महिने कधीच पुरे झाले होते, आणि काय विचारायचं ते तिने कागदावर लिहून ठेवलं होतं.

हेल्वे लेपिक ११ मार्च २०१८ रोजी, रविवारी सकाळी, तिच्या बेटावरच्या घरी वारली.